पुठ्ठ्यामागचा दुसरा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाते. भीतीने नाही, कंटाळ्याने. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे एकाहत्तर साली, परभणीत एका प्राध्यापकांकडे मी मदतनीस होते. माणूस आणि कॉम्प्युटर मिळून विमानांची वाहतूक कशी सांभाळतील, हा सरांचा विषय. विमानं म्हणजे नकाशावरच्या टाचण्या... आणि कॉम्प्युटर म्हणजे मी! खरा परभणीत आणणार कुठून? पुठ्ठ्याच्या पार्टिशनमागे बसून मी तक्त्यावरून हिशोब करायचा, सल्ला टाइप करायचा, फटीतून पलीकडे सरकवायचा. पलीकडच्याला मशीनच वाटायला हवं, म्हणून बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मला ते जड गेलं नाही. गावात माझ्या ओळखीचं तसंही कुणी नव्हतं.

घरून एकच वर्ष मिळालं होतं, मग लग्न. आणि सरांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक, की दुसरी मुलगी बघीन."

पलीकडे, माझ्या सल्ल्याप्रमाणे टाचण्या हलवायला, वालूरचे रिटायर्ड तारमास्तर बसत. "काय मशीनबाई, जेवलाव का?" रोज विचारत. दिवसभरात मला कुणी विचारलेलं तेवढंच... आणि उत्तर द्यायची मुभा नव्हती.

एका दुपारी मी व्हरांड्यात पाणी प्यायला गेले. पार्टिशनमागे जायला व्हरांड्यातलं तेवढंच दार, आणि मी दारासमोरच उभी. परत आले तर टाइपरायटरवर ताजी कार्बन कॉपी — 'सहा थांबवा, दोन आधी.' वरचा कागद पलीकडे गेलेला. मी तक्ता पाहिला. माझी बेरीज चुकली होती. मी नेमकं उलट टाइप करणार होते, आणि दोन्ही विमानं एकमेकांवर गेली असती.

संध्याकाळी सर म्हणाले, "गुड वर्क." मी थँक यू म्हणाले.

त्या प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी सरांनी पार्टिशन हलवलं. तारमास्तर मला बघून हसले.

"मशीन न्हाई ते पयल्याच दिशी कळलं. तीस वर्षं तारा घेतल्या म्या, टकटकीवरून हात वळखू येतो. तुमचा थांबत थांबत चालतो." मग माझ्या मागे बघत, "आन् दुसऱ्या बाई कुठं हायत?"

"कोण दुसऱ्या?" सर.

"सहा नंबर ज्यांनी थांबवला त्या. लय सराईत हात."

सर माझ्याकडे वळले. "तो कागद तूच टाइप केलास ना?"

हो म्हटलं असतं तर वर्ष पुरं झालं असतं. "नाही," मी म्हणाले.

बाहेरच्या कुणाला तरी मी आत घेतलं, असंच सरांनी धरलं. आठवड्याभरात मी घरी.

कोण होतं, मला माहीत नाही. ते फक्त त्या दुपारीच आलं, की आधीपासून तिथेच बसलेलं असायचं, हेही नाही. बसलेलं असेल... तर तितके दिवस मी स्वतःला उगाचच एकटी समजत होते.