डोक्यांची वही

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी केबिनच्या खिडकीला बांधलेली पेन्सिल सोडली, वही पिशवीत टाकली आणि सांगून टाकलं की आजपासून हे बंद. चूक त्यांची होती, पण बोभाटा मी केला होता. ही पोरगी नाकावर माशी बसू देत नाही, असं माझी आई येईल त्याला सांगत असतेच. आता सगळ्या महोत्सवाला ते पाहायला मिळालं.

आधी काका कोण ते सांगते. आमच्या माहितीपट महोत्सवात प्रोजेक्टर ते चालवतात. त्याआधी सव्वीस वर्षं एका चित्रपटगृहात त्यांनी हेच काम केलं. ते बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं, तेव्हा काका महिनाभर रोज जाऊन तिथल्या सोफ्यांवर बसून यायचे, असं काकू सांगतात. काका म्हणतात, दोनदाच गेलो होतो.

केबिन प्रेक्षकांच्या मागे, उंचावर. डब्याच्या झाकणाएवढ्या तिच्या खिडकीतून पडदा दिसतो आणि माणसांची डोकी दिसतात, तीही मागून. काकांना या डोक्यांचा नाद लागला. मान कधी ताठ होते, कधी कलते, कधी शेजारच्याकडे वळते, हे ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. "तोंडाने माणूस छान छानच म्हणतो हो," ते म्हणतात. "मानेला अजून कुणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही." काकूंचं म्हणणं असं की घरी पाहुणे जेवायला बसले तरी यांचं लक्ष त्यांच्या मानांवर.

महोत्सव सुरू झाला त्या पहिल्या वर्षी एका फिल्मला एकोणीस माणसं आली. सगळे निघून गेल्यावर दिग्दर्शक जिन्याच्या तोंडाशी उभा होता, कुणी काही बोलेल या आशेने. वरून काका उतरले. त्याने त्यांनाच विचारलं, कशी वाटली? काका म्हणाले, "मला त्यातलं काय कळणार? पण सातव्या मिनिटाला सगळे सरळ बसले, आणि तुमचे ते साहेब बोलायला लागले तशी पाच डोकी खाली गेली." त्याने काकांना हे कागदावर लिहून द्यायला लावलं. तेव्हापासून वही. प्रत्येक फिल्मला एक पान. फिल्म संपली की पान फाडून दिग्दर्शकाच्या हातात. पानावर फिल्मचं नाव मात्र कधीच नाही. नाव लिहिलं की माणूस नावाकडे बघून लिहितो, असं त्यांचं मत.

आमचा महोत्सव लहान आहे, पण अर्धवट फिल्म घेऊन आलेल्याला तो वाऱ्यावर सोडत नाही. एक अख्खा दिवस नुसत्या कच्च्या फिल्मांचा. आधी त्या लोकांना दाखवायच्या, मग तज्ज्ञांचं ऐकून घ्यायचं. त्यानंतर संकलनाची खोली मिळते, ध्वनीचा माणूस मिळतो, फिल्म कुठे कुठे दाखवता येईल तिथल्या लोकांना महोत्सवाच्या संचालकबाई स्वतः पत्रं लिहितात, आणि फिल्म पुरी झाली की पुढच्या वर्षी पडदा. सहा वर्षं एकटीने कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडल्यावर त्या बाईंनी मला विचारलं, "पुढे काय काय लागेल तुला?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी रडले. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

माझी फिल्म आईवर आहे. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करते आहे. कॅमेरा दिसला की तिची मान खाली. "माझ्यात काय आहे बघण्यासारखं?" हे वाक्य माझ्याकडे कमीत कमी चाळीस वेळा रेकॉर्ड झालेलं आहे. एकदाच ती कॅमेरा विसरली. एका चादरीचा कोपरा कुणीतरी हाताने रफू केला होता. आईने तो टाका न् टाका सपाट केला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा इस्त्री धरली. एकच चादर, चार मिनिटं. माझ्या फिल्ममध्ये मला सगळ्यात प्रिय काय असेल तर ते.

गेल्या वर्षी कच्च्या फिल्मांच्या दिवशी दोन फिल्मा होत्या, जेवणाआधी माझी आणि जेवणानंतर एकाची, पुलाला रंग देणाऱ्या माणसांवरची. त्याला मी पूलवाला म्हणते. कच्ची फिल्म चालू असताना दिग्दर्शकाने बाहेर बसायचं असा नियम आहे, नाहीतर लोक त्याच्याकडे बघून माना डोलावतात. त्या दिवशी पानं तज्ज्ञांचं बोलून झाल्यावरच मिळतात, म्हणून संध्याकाळी काकांनी आम्हा दोघांना ती एकदमच दिली. माझ्या पानावर होतं, "१२ व्या मिनिटाला सगळे दचकून मागे सरकले." लाँड्रीतल्या वाफेचं दृश्य इतकं जबरदस्त झालंय म्हणून मी हवेतच. पुढे होतं, "३१ ते ३५: डोकी खाली. दोघं बाहेर गेले, एक परत आला." ती चादरीची चार मिनिटं. तज्ज्ञांनाही ती लांब वाटली होती, पण तज्ज्ञांशी मी भांडले असते. काकांच्या वहीशी कोण भांडणार? मी ते दृश्य काढून टाकलं.

यंदा पहिल्याच दिवशी चहाच्या टेबलापाशी पूलवाला भेटला. त्याचीही फिल्म पुरी झाली होती. म्हणाला, "काकांनी वाचवलं मला. मध्ये चार मिनिटं काहीच नव्हतं माझ्याकडे. नुसतं आभाळ, आणि त्यावर पाटी, 'इथे मुलाखत येईल.' आणि काकांनी लिहिलं, एकही डोकं हललं नाही. म्हटलं, मग कशाला हवी मुलाखत? ठेवलं आभाळ."

"कितवं मिनिट?" मी विचारलं.

"एकतीस ते पस्तीस."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि बाराव्या मिनिटाला तुझ्याकडे काय होतं?"

"कॅमेरा पुलावरून खाली बघतो ते. का गं?"

आमची पानं आपसात बदलली होती. एकही डोकं हललं नव्हतं ते माझ्या चादरीपुढे. लोक मागे सरकले ते उंचीला घाबरून, आणि मी बिचाऱ्या वाफेचं कौतुक करत बसले होते. मी तरातरा जिना चढून गेले आणि केबिनच्या दारातच काकांना नको नको ते बोलले. तुमच्यामुळे माझी आई गेली फिल्ममधून, असंही बोलले. खाली सगळ्यांना ऐकू जात होतं. काका नुसते वहीकडे बघत राहिले. ते चेहरे वाचत नाहीत, पण त्यांचा स्वतःचा मात्र कुणालाही वाचता आला असता. माझ्या त्या तोंडाळपणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

माझी फिल्म शेवटच्या दिवशी होती. संचालकबाई म्हणाल्या, "आदळआपट पुरे. परवापर्यंत नवी फाइल दे." ध्वनीवाल्याने जेवण सोडून ती चार मिनिटं परत शिवली. आता ती अडतिसाव्या मिनिटाला येत होती. माझी फिल्म सावरली, पण काकांची वही बंद ती बंदच. बाकीचे दिग्दर्शक जिन्याशी ताटकळून रिकाम्या हाताने परत जायला लागले. चार जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातलं ओढून घेतलं आहे.

शेवटच्या दिवशी आईला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मी वर गेले. सोबत नवीकोरी वही आणि पेन्सिल.

"काका, चुकलं माझं."

"तुमचं नाही. चूक माझी. त्याला दुसरं नाव नाही." त्यांनी फिल्म सुरू केली. "माणसं माझ्या भरवशावर कात्री चालवतात, ताई. हे डोक्यात यायला इतकी वर्षं लागली मला."

"बरं. मग मी लिहिते."

मी खिडकीशी बसले. ते पाठ करून उभे राहिले. मी लिहिलं, आठव्या मिनिटाला उजवीकडचा माणूस झोपला. थोड्या वेळाने ते माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले, "झोपला नाही तो. चष्मा पुसतोय." मी लिहिलं, दुसऱ्या रांगेतल्या दोघी कंटाळल्या. "कंटाळल्या नाहीत. एक दुसरीला सांगतेय, माझी आईपण असंच करायची." हे मागून कसं कळतं, विचारायची सोय नव्हती.

आईचं डोकं मात्र मलाही कळत होतं. ते सुरुवातीपासून खाली होतं. पडद्यावर ती आली की खाली, दुसरं कुणी आलं की जरासं वर, पुन्हा ती आली की खाली. सदतीस मिनिटं माझी आई आपल्याच मांडीकडे बघत बसली होती. सहा वर्षं मी काय केलं, असं मला वाटायला लागलं. माझा हात लिहायचा थांबला.

मग ती चादर आली. तो रफू केलेला कोपरा. आईने बोट फिरवलं, पुन्हा इस्त्री धरली. मला पुढचं नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

"सरका," काका म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, मला बाजूला केलं आणि वाकून लिहायला लागले. फिल्म संपेपर्यंत ते खिडकीपासून हलले नाहीत. दिवे लागले, तेव्हा त्यांनी पान फाडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"३८ ते ४२: एकही डोकं हललं नाही. फक्त तिसरी रांग, पाचवी खुर्ची. आईंनी मान वर केली. शेवटपर्यंत वर."

मी ते घेऊन जिन्याकडे पळणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"थांबा ताई. यंदा वर फिल्मचं नाव लिहिलंय. आधी ते वाचा, तुमचंच पान आहे ना बघा, आणि मग आईंना दाखवा."