वाजवून घेतलेले टायर

आमच्या जीपचे टायर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आणलेलं मडकं गळत नाही.

लग्न होऊन या घरी आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत श्रीगोंद्याच्या बाजारातून मी आणलेलं एकही मडकं गळालं नव्हतं. मी मडकं उचलते, बोटाच्या पेराने वाजवते, कान लावते आणि कुंभारणीकडे बघत नाही. बघितलं की ती बोलायला लागते, ती बोलायला लागली की मला लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस फुटकंसुद्धा घेऊन येतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चारचौघींत सांगायच्या, "आमच्या सूनबाईला तोंड न्हाई, पर तिला फशिवणारा अजून जलमायचा हाय." त्यात खोटं काही नव्हतं. जी माणसं बोलतात त्यांचा संशय बोलण्यात खर्च होतो. माझा साठत जायचा.

जीप मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. तिला दारं नव्हती, पेट्रोल किती आहे ते सांगणारा काटा कायमचा झोपलेला होता, आणि टायर इतके गुळगुळीत झाले होते की त्यावर चपाती लाटता आली असती. उसाच्या बांधापर्यंत जायला ती पुरत होती. पण दुष्काळ पडायच्या आदल्या साली माझी नणंद शेवंता गरोदर राहिली, आणि टायरांचा प्रश्न घरात आला.

शेवंता दिलेली पार राजूरला, भंडारदऱ्याच्या वाटेवर. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात दुमत नव्हतं. पण तिच्या सासूने मागच्या खेपेला आमचे टायर बघितले होते. त्यांचा निरोप आला, "पोरीला एष्टीत धक्के खात पाठवायची न्हाई. नीट टायराची गाडी आना. सोमवारी आठवा लागतोय, आठव्यात आमी हलवत न्हाई. न्हाई आलात तर बाळंतपण हितंच हुईल."

निरोप आला गुरुवारी. आत्याबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. निरोप्याबरोबर शेवंताने मला गुपचूप चिठ्ठीही दिली होती (शेवंता सासरी गेल्यावर घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, चौथी पास). चिठ्ठीत एवढंच होतं, "वहिनी, मला न्यायला या. हितं मला रडायलासुदा जागा न्हाई." ती चिठ्ठी मी चोळीत ठेवली आणि कोणाला दाखवली नाही.

शुक्रवारी सकाळी मामंजी, आमचे मालक आणि मी असे तिघं नगरला निघालो. मला का न्यायचं, यावर मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "ती बोलत न्हाई म्हनून न्यायची. दुकानदार बोलणाऱ्यालाच बुडिवतो." मला थेट सांगायचा प्रश्नच नव्हता. मी मामंजींशी बोलत नसे. घरात दुसरं कोणी नसलं आणि ताट वाढलेलं असलं, तर मी तुळशीकडे बघून म्हणायची, "जेवण वाढलंय," आणि मामंजी तुळशीला म्हणायचे, "आलो."

नगरच्या दुकानात शेठ चष्म्यातून हसले आणि त्यांनी आल्याआल्या चहा सांगितला. तिथंच त्यांचं चुकलं.

मामंजी मालकांच्या कानात, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "च्या पाजणारा दुकानदार आन् शिंगं रंगवलेला बैल, दोनी लांबनंच बघावं."

चहा तसाच निवला. शेठनी टायर काढून दाखवायला सुरुवात केली. मामंजींनी एक टायर हुंगला, एकाला लाथ मारली, एकाच्या पाठीवर थाप मारून तो अंग चोरतो का ते बघितलं. मग म्हणाले, "हे जुनंच हायत. वरनं नवं कातडं चढवलंय."

"काका, ही बघा खूण," शेठ म्हणाले. टायरवर बारीक बारीक रबराचे केस उभे होते. "नव्या टायरलाच ह्या मिशा असतात. वापरला की झिजून जातात."

"मिशा चिकटवता येत्यात. तमाशात बघितल्यात."

"ओढून बघा की."

मामंजींनी ओढली. तुटली. "बघा, निघाली," ते म्हणाले. दुसरी ओढली, तीही निघाली. शेठ अस्वस्थ व्हायला लागले, कारण मामंजी एकेक करून अख्खा टायर भादरायला बसले होते.

एवढ्यात मालकांनी मला खुणेने पुढे बोलावलं. मी पदर सारखा केला, पहिल्या टायराशी बसले, पेराने वाजवलं आणि कान लावला. भद्द. दुसरा वाजवला. भद्द. वीसेक टायर मी वाजवले असतील, सगळे एकाच आवाजात भद्द. मला काडीचंही कळत नव्हतं. पण दुकानाच्या दारात सात-आठ माणसं जमली होती, त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "बाई जाणकार दिसती," आणि आता उठून 'मला कळत नाही' म्हणायचं तर त्यासाठीही बोलावंच लागलं असतं. म्हणून मी चार टायरांवर बोट ठेवलं. (कोणते? जे हाताला जवळ होते ते.)

सौद्याला मामंजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं. बैलबाजारात दर तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मामंजींनी शेठचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबली. शेठ आधी हसले, मग त्यांनी हात सोडवायला बघितला.

"काका, हे काय करताय?"

"मला कमी वाटतंय व्हय? घ्या आनखी एक," असं म्हणून मामंजींनी अंगठाही दाबला.

शेवटी मालकांनी उपरण्याबाहेर, तोंडानेच दर ठरवला. मामंजींना तो पटला नाही, कारण तो सगळ्यांना ऐकू गेला होता.

मग शेठ म्हणाले, "मागच्या अंगणात मिस्त्री टायर बसवेल. दोन तास लागतील. तुम्ही तोवर भाकरी खाऊन या."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. (मी मालकांकडे, मालक मामंजींकडे, मामंजी शेठच्या कुलपांकडे.) "शिंगणापुरात घराला दार न्हाई," मामंजी पुटपुटले, "आन् हितं दुकानाला दोन कुलपं. काय दडवायचं आसंल?" आम्ही पाठ वळवली की आमचे चार टायर आत जाणार आणि दुसरे चार बाहेर येणार, हे मला दिवसाउजेडी दिसायला लागलं. आणि मग शेवंताला आणताना घाटात ते फुटणार.

मामंजी हात धुवायला गेले, मालक जीप आत घ्यायला गेले. माझ्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली मेणाची आणि कुंकवाची डबी होती, प्रवासात घामाने कपाळ पुसलं जातं म्हणून. मी चारही टायरांच्या पोटात हात घालून मेण लावलं आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. बाहेरून लावलं असतं तर चोराला दिसलं असतं. मडक्याच्या आत खूण असली की तोंडातून डोकावून बघता येते, तसंच हेही बघता येईल, एवढाच माझा हिशोब होता. मडक्याचं तोंड शेवटपर्यंत उघडं राहतं. टायराचं काय होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

भाकरी खाऊन आम्ही परत आलो, तर जीप चार काळ्या कुळकुळीत टायरांवर उभी. मी पुढच्या चाकाशी वाकले. कुंकू नाही. मागच्या चाकाशी वाकले. नाही. चारही चाकांना मी प्रदक्षिणा घातली. मी मालकांच्या मागे जाऊन हळूच म्हणाले, "बदाललं."

"कशावरनं?"

"मला ठावं हाय."

सहा वर्षांत न गळालेल्या मडक्यांचा हा परिणाम. मालकांनी पुढे काही विचारलं नाही. ते मामंजींना म्हणाले, "आण्णा, टायर बदाललेत." मामंजींनी तर एवढंही विचारलं नाही. ते सकाळपासून याच वाक्याची वाट बघत होते.

"खोल," ते मिस्त्रीला म्हणाले. "आत ठिगळ आसनार. खोल."

शेठनी हात जोडले. मिस्त्री, पांढऱ्या दाढीचा गरीब माणूस, पहार घेऊन बसला. चाक उतरलं, टायर सुटला, आतली ट्यूब बाहेर आली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टायराचं तोंड चाकावर चढवून बंद करतात. ज्या क्षणी हे कळलं त्याच क्षणी मिस्त्रीने ठिगळ शोधायला आत हात घातला, आणि तो बाहेर आला तो लाल.

मिस्त्रीने हाताकडे बघितलं. वास घेतला. मग टायर सोडून तो चार पावलं मागे गेला. "शेठ, ह्यात कुंकू आहे," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही."

"करणी!" दारातल्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मामंजी शेठवर गेले. "आमच्या गाडीवर करणी? पोटुशी पोर आनायची हाय ह्या गाडीतनं. आमी तुमचं काय घोडं मारलंय?"

"मी केली?" शेठचा चष्मा नाकावर आला. "तुम्हीच सकाळपासून टायर हुंगताय, केस उपटताय, फडक्याखाली माझा हात धरून काय काय करताय. आणि ह्या बाई टायराला कान लावून काहीतरी ऐकत होत्या. मंतरलंत तुम्ही माझं दुकान."

"बाकीचं तीन खोला."

"मी नाही खोलणार," मिस्त्री म्हणाला. तेव्हा मालकांनी स्वतः बाह्या सारून तिन्ही खोलले. तिन्हींच्या पोटात कुंकू. प्रत्येक टायर उघडला की मालक एकदा माझ्याकडे बघत. तिसऱ्याला त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि पहार खाली ठेवली. बायकोने हे केलं असं बापाला सांगायचं म्हणजे काय, ते मला समजत होतं.

गर्दीत एक जण लिंबू आणायला निघाला. मामंजी म्हणाले, "न्हाई पायजेत हे टायर. जुनंच चढवा. पोर तिथंच बाळंत हुईल, पर ह्या टायरांवर बसायची न्हाई."

चोळीतली चिठ्ठी मला टोचायला लागली. उद्याचा शनिवार, परवाचा रविवार, आणि सोमवारी आठवा. तुळस तिथं नव्हती. समोर एक टायर आडवा पडला होता, त्याच्याकडे बघून मी म्हणाले, "कुंकू माझं हाय."

मी टायराला पुढे सांगितलं, "बदलू नयेत म्हनून खूण केलती. आत दिसत आसंल वाटलं."

मामंजीही टायराकडे वळले आणि टायरालाच म्हणाले, "म्हंजी बदाललं न्हाईत?"

"न्हाईत," मी टायराला सांगितलं.

"चारी?"

"चारी."

शेठ मटकन खाली बसले आणि त्यांनी चहा सांगितला, फक्त स्वतःसाठी. मिस्त्रीने अट घातली की कुंकू लावणाऱ्यानेच ते पुसावं. मी चारही टायरांच्या पोटात शिरून पदराने कुंकू पुसलं. गर्दी ते बघायला शेवटपर्यंत थांबली होती.

शनिवारी राजूरला पोचलो. विहीणबाईंनी टायर बघितले, नखाने खरवडले आणि नाइलाजाने होकार दिला. रविवारी पहाटे शेवंताला घेऊन निघालो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती आणि रडतही होती. टायर सुरेख चालत होते. मामंजी दर पाच मैलांनी म्हणायचे, "चाक कसं लोण्यावानी जातंय," आणि हे ते टायराला नव्हे, मला म्हणत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला फार धीर आला, आणि तो धीर वाईट ठरला.

संगमनेरला मालकांनी पेट्रोल भरायला गाडी पंपाकडे वळवली. पंपावरचा माणूस उठला, गाडीकडे आला, आणि पेट्रोलच्या झाकणाकडे न बघता सरळ आमच्या टायरांकडे बघायला लागला. वाकलासुद्धा.

आदल्या दोन दिवसांतच मला बोलता यायला लागलं होतं. मी मोठ्यांदा म्हणाले, "हितं थांबू नका. त्याची नजर टायरावर हाय."

मामंजी म्हणाले, "सूनबाई म्हनत्यात तर चल पुढं." मालकांनी गाडी काढली. (तो माणूस हवा बघत होता. मालकांनी हे मला पुढे कित्येक वर्षं सांगितलं.)

पंधरा-वीस मैलांवर जीपने दोन आचके दिले आणि ती नव्या कोऱ्या चार टायरांवर शांतपणे उभी राहिली. मालकांनी टाकीत बाभळीची काडी घालून बघितली. कोरडी ठाक.

तेवढ्यात मागून नगरची एष्टी आली. शेवंता मामंजींबरोबर त्यात बसून गेली, खिडकीशी जागा मिळाली, वाटेत तिने ओल्या शेंगा खाल्ल्या आणि नगरला एष्टी बदलून संध्याकाळी आत्याबाईंपुढे सुखरूप उतरली. विहीणबाईंना ही एष्टी आजवर कोणी कळू दिलेली नाही. मालक डबा घेऊन, मिळेल त्या वाहनाने, उलटे संगमनेरला गेले, त्याच पंपावर.

आणि टायरांची राखण करायला मी जीपमध्ये थांबले. त्या तीन तासांत रस्त्याने लाकडी चाकांची एक बैलगाडी, दोन सायकली आणि मेंढरांचा एक कळप गेला. यातल्या कोणालाही माझे टायर बसले नसते. तरी मी पदराआडून प्रत्येकाकडे डोळे वटारून बघितलं, आणि मेंढरांकडे जरा जास्तच.