निर्मलाताई मेल वाचायच्या

आमच्या मोताळ्याच्या जिनिंगमध्ये रोज सकाळी अकराला मेल मोठ्यानं वाचला जायचा. बाहेरून आलेल्या माणसाला याची गंमत वाटे. बाकीच्या ऑफिसांत जो तो आपल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसतो. आमच्याकडे मालक भाऊसाहेब, अकाउंटवाले काका आणि कापसाच्या गाठींचं लोडिंग बघणारा मी, असे सगळे चहाचे कप घेऊन निर्मलाताईंच्या टेबलाभोवती जमायचो. साऱ्या कंपनीचा मेलचा पत्ता एकच होता आणि तो उघडायचा फक्त ताईंच्या कॉम्प्युटरवर. मेल यायचे इंग्रजीत, दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांचे. ताई इंग्रजीवर नजर ठेवून सरळ मराठीत वाचत सुटायच्या, कुठे अडखळणं नाही. त्यांचे वडील जानेफळला इंग्रजीचे मास्तर होते, आणि मुलीला काही कमी शिकवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वाचण्याआधी ताई मेल एकदा मनात वाचायच्या, चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि मग सुरू करायच्या. पुसणं लांबलं की मी समजायचो, आज काहीतरी जळजळीत आलंय. माझी खुर्ची त्यांच्या मागेच, आणि मोडकंतोडकं इंग्रजी मलाही वाचता यायचं. समोर लिहिलेलं असायचं की तुमच्या गाठी ओल्या निघाल्या, तुम्ही चोर आहात, तुमच्याशी व्यवहार करणारा मूर्ख. ताई वाचायच्या, "लॉटमध्ये दहा टक्के ओल निघाली म्हनते. त्यायची मशीन बंद पडली. अण्णा नाराज हायेत. माल बदलून मागून राह्यले."

"नाराज होतीनच ना," भाऊसाहेब म्हणायचे. "माल बदलून द्या. पन त्याले लिहा, तुझी मशीन कबाडातली हाय, आमच्या कापसाले नावं ठेवू नको."

ताई मान हलवत टाइप करायच्या. जायचं ते एवढंच : आपली अडचण कळली, माल बदलून पाठवत आहोत, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. एकदा न राहवून मी विचारलं, "ताई, हे दिलगीर भाऊसाहेब कधी झाले?"

"माल बदलून द्या म्हनले का नाई?"

"म्हणाले."

"मंग तेच लिहिलं. बाकीचं त्यायचं बोलनं होतं. मजकूर पोचवायचा, राग पोचवायची नोकरी नाई आपली."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे कितीदा तरी ऐकलं. आकडा, तारीख, भाव यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. तिथे त्या इतक्या काटेकोर, की काकांनी एकदा लॉटचा नंबर चुकीचा सांगितला तर ताईंनी त्यांना सगळ्यांसमोर गोडाऊनमध्ये पिटाळलं होतं. गाळायच्या त्या फक्त शिव्या. माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही दिसत नाही.

वर ज्यांचा उल्लेख आला ते अण्णा म्हणजे तमिळनाडूतले एक सूतगिरणीवाले. आमच्या निम्म्या गाठी त्यांच्याकडे जात. भाव ठरवायचा तो दलाल फोनवर ठरवी. बाकीचं सगळं मेलवर, म्हणजे ताईंच्या हातून. अण्णांना मराठी येत नव्हतं आणि हिंदीही बेतास बात, भाऊसाहेबांचं इंग्रजी तर सहीपुरतं. तरी दोघांची दोस्ती अशी जमली की भाऊसाहेबांच्या मुलीच्या लग्नाला अण्णा सहकुटुंब आले. भाऊसाहेबांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. दोघं एकमेकांचा हात धरून नुसते हसत उभे होते. ताई शेजारी उभ्या राहून या कानातलं त्या कानात घालत होत्या, आणि मुलीच्या आईपेक्षा त्यांचीच धांदल जास्त दिसत होती.

पुढे ताईंचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. मेल त्यावर, आणि गाठींचा हिशेब ठेवणारा काळ्या पडद्याचा जुना प्रोग्रामही त्यावरच. तो लिहिणारा माणूस पुण्याला निघून गेला होता आणि आमचे फोन उचलत नव्हता. सगळं नव्या प्लॅटफॉर्मवर हलवा, हे टुमणं ताईंनीच लावलं. भाऊसाहेबांचं म्हणणं, "चालून राह्यलं ना? मंग काऊन हलवता?" ताईंचं उत्तर ठरलेलं, "उद्या हा डबा बसला तं सारी जिनिंग बसन, भाऊसाहेब." अखेर अकोल्याहून दोन इंजिनियर आले. ठरलं असं, की गाठींचा प्रोग्राम इंटरनेटवर जाणार, प्रत्येकाला मेलचा वेगळा पत्ता मिळणार, आणि भाऊसाहेबांना कंपनीचे सगळे मेल, नवेजुने, मोबाईलवर दिसणार.

ताईंनी त्या कामात जीव ओतला. जुना लॉट नव्याशी ताडून बघायचा, पार्टीचं नाव जुळवायचं, आणि इंजिनियर पोरांना चहा पाजून त्यांच्याच डोक्यावर उभं राहायचं. त्यातल्या एका इंजिनियरनं विचारलं, "मॅडम, जुने मेल कुठपर्यंतचे घ्यायचे? बरेच लोक मागच्या दोन-तीन वर्षांचेच घेतात."

मी मागून हळूच म्हटलं, "ताई, जुने इथेच राहू द्या."

त्यांना माझं म्हणणं कळलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "ते माह्ये हायेत का? कंपनीचे हायेत. बिऱ्हाड हलवाचं अन् अर्धं सामान मांगं ठेवाचं, असं कोनी करते का? सगळे घ्या."

सगळे आले. एकही मेल मागे राहिला नाही, याचा ताईंना केवढा अभिमान. नव्या मेलमध्ये आणखी एक सोय होती : इंग्रजी मजकुराखालचं बटण दाबलं की तो मराठीत दिसायचा, आणि आपण मराठीत लिहिलेलं तसंच इंग्रजीत जायचं. भाऊसाहेबांना मोबाईलवर ते बटण कुठे आहे हे ताईंनीच शेजारी बसून शिकवलं. "मी काय जन्मभर पुरनार हाय? तुमचं तुम्हाले वाचता आलं पाह्यजे," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्याबद्दल विचार करताना मला नेहमी हा प्रसंग आठवतो आणि फार वाईट वाटतं. दुसरं कोणी असतं तर ते बटण दाखवलंच नसतं.

अकराची बैठक आपोआप मोडली. मेल ज्याच्या त्याच्या खिशात वाजू लागला, मग जमायचं कशाला? ताई सवयीनं चष्मा पुसून बसायच्या, आम्ही आपापल्या जागी चहा प्यायचो. आणि भाऊसाहेबांना तर त्या बटणाचा नादच लागला. रिकामा वेळ मिळाला की ते जुने मेल उघडून बघत. एका दुपारी ते मोबाईल हातात धरून ताईंच्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला होता. लग्नाच्या थोडंच आधीचा, अण्णांचा मेल होता. मशीननं त्याचं मराठी केलं होतं : तुम्ही लोक चोर आहात, तुमच्या शब्दाला किंमत नाही.

"ताई, हे असं लिहिलं होतं?"

"हो."

"अन् तुम्ही काय वाचलं होतं?"

"अण्णा नाराज हायेत, असं."

भाऊसाहेब ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्यानं मले चोर म्हटलं. अन् मी त्याले हातानं जेवाले वाढलं. साऱ्या गावासमोर."

"माल तं बदलून दिला ना आपन? भांडन तिथंच मिटलं," ताई म्हणाल्या. "त्याच्या नंतरचे मेल वाचा, भाऊसाहेब. अण्णा किती चांगले लिहितेत."

"ते तुमच्या उत्तरायले लिहितेत. माह्यं बोलनं तं तुम्ही कधी पाठवलंच नाई." मग अगदी हळू आवाजात, "आता माह्ये मेल मीच पाहीन, ताई."

ताईंनी वाद घातला नाही. गाठींच्या प्रोग्रामचं काम त्यांच्याकडे राहिलं असतं, पण त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि लोणारला बहिणीकडे राहायला गेल्या. जायच्या दिवशी माझ्याजवळ म्हणाल्या, "मले वाटलं होतं, हलवून झाल्यावर सगळ्यायले सोपं जाईन." पुढच्याच हंगामात गाठींच्या ओलीवरून अण्णांचा मेल आला. भाऊसाहेबांनी तो बटण दाबून वाचला आणि आपलं उत्तरही बटण दाबूनच पाठवलं, कबाडातल्या मशीनसकट. त्यानंतर अण्णांनी आमच्या गाठी घेतल्या नाहीत.

हंगाम संपला तसे एक दिवस भाऊसाहेब मला म्हणाले, "लोनारले जाऊन ये बे. ताई येतेत का पाह्य. मी पाठवलं असं सांगू नको." मी बुलढाण्याला एसटी बदलून लोणार गाठलं. ताई बहिणीच्या किराणा दुकानात बसल्या होत्या, वाळल्या होत्या. खोकला मुरलेला दिसत होता. त्यांनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग एकदम विचारलं, "भाऊसाहेब अन् अण्णा बोलतेत का?"

मी काहीतरी जुळवून सांगणार होतो.

"जसं हाय तसं सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी साखर दिली, सुट्टे पैसे दिले. मग म्हणाल्या, "मले वाटे, मी दोघायची दोस्ती जमवली. पन त्या दोघायची कधी गाठच पडली नाई रे. दोन्हीकून मीच बोलून राह्यली होती." परत येण्याबद्दल विचारलं तेव्हा नुसती नकाराची मान हलवली. "आता काय वाचू मी? आता सगळ्यायले वाचता येते."

पुढच्या हिवाळ्यात ताई गेल्या. आम्हाला कळलं तोवर तेरावं होऊन गेलं होतं.

भाऊसाहेबांना मी लोणारचं बोलणं तोपर्यंत सांगितलंच नव्हतं. येत नाहीत म्हणाल्या, एवढंच सांगितलं होतं. आता त्यांनी स्वतःच विचारलं, "तवा काय म्हनल्या होत्या ताई? खरं सांग." मी ताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दोन्हीकडून त्याच बोलत होत्या ते.

भाऊसाहेबांनी हातातला मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "थोडं मऊ करून सांगाचं होतं बे."