यानाचा रेनकोट

चार माणसं एका छपराखाली दहा-बारा वर्षं राबली की किस्से आपोआप साचतात. ते कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी झाडूनही काढत नाही. त्यात मी गप्प बसणारा माणूस नव्हे, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत.

उल्हासनगरात आमचा ताडपत्रीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पाच-सहा मशिनी आणि मालक खूबचंद शेठ. ट्रकची ताडपत्री, लग्नाच्या मांडवाचं छत, गवताच्या गंजीवरचं मेणकापड, जे म्हणाल ते शिवायचो. मी बदलापूरच्या कुळगावातून जायचो आणि कापड कापायचो. शिवायचे कांबळे मास्तर. ते अंबरनाथच्या बुवापाड्यातले.

मास्तरांची शिवण म्हणजे शिवण! पण स्वभाव भलताच काळजीखोर. माल गिऱ्हाइकाकडे गेला तरी यांच्या डोक्यातून जायचा नाही. आभाळ भरून आलं की मशीन थांबवून म्हणायचे, "परवाचा तो ट्रक कुठवर पोचला असेल हो?"

अशा माणसाच्या वाट्याला देवाने (मास्तर देव मानत नसत, तेव्हा शेठने म्हणू) चक्क अंतराळयान आणून ठेवलं!

* * *

झालं असं, की एका दुपारी जीपमधून एक साहेब उतरले. तिकडे समुद्रकाठी यान उडवायची तयारी चालू होती आणि त्यासाठी कव्हर हवं होतं. साहेब शेठशी इंग्रजीत बोलले. शेठने आम्हाला ते हिंदीत सांगितलं. आम्ही ते मराठीत समजून घेतलं. वाटेत जेवढं गळायचं तेवढं गळलंच!

आम्हाला कळलं ते एवढंच, की रॉकेटला पावसासाठी कपडा पाहिजे.

"माप?" मास्तरांनी टेप काढली.

साहेबांनी ड्रॉइंग पुढे केलं. मास्तरांनी ते उलटंसुलटं बघितलं आणि परत दिलं. "कागदाला काय अंग असतं का? गिऱ्हाईक समोर उभं करा."

शेठने कपाळावर हात मारला. "साईं, गिऱ्हाईक चार मजली है! किधर खडा करूं? माझ्या डोक्यावर?"

* * *

शेवटी ड्रॉइंगवरच्या आकड्यांवरूनच कव्हर शिवून तयार झालं, तेव्हा शेठला त्यावर कारखान्याचं नाव रंगवायचं होतं. ट्रकच्या ताडपत्रीवर रंगवतो तसंच, ठळक, फोन नंबरसकट.

"वर कोण वाचणार आहे?" मी विचारलं.

"आज कोई नहीं. पण उद्या कोणी गेला वर, तर पहिलं नाव कोणाचं दिसेल?"

साहेबांनी नाव काही रंगवू दिलं नाही. मग शेठने लिंबू-मिरची आणली. ती मात्र मास्तरांनी हातातूनच परत केली.

"माझ्या शिवणीला लिंबू लागत नाही, शेठ. माझ्या बापाने छप्पन सालीच हे सगळं सोडलंय."

शेठ हिरमुसला. पण आणलेलं लिंबू वाया कसं घालवायचं? त्याने ते कव्हर नेणाऱ्या ट्रकला बांधलं. ट्रक खंडाळ्याच्या घाटात पंक्चर झाला! मास्तर पुढे आठवडाभर मशीन चालवता चालवता एकटेच हसत होते.

* * *

ते हसू फार टिकलं नाही.

पेपरात बातमी आली. जेमतेम चार ओळी. समुद्रकाठी वादळी पाऊस झाला, यानात पाणी शिरलं, आतले काही भाग बिघडले, उड्डाण पुढे ढकललं.

चहाच्या टपरीवर मास्तरांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. मग पुन्हा वाचायला लावली.

"शिरलं हे कळलं. कुठून शिरलं?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग कसली बातमी ही? झाकणारा मी, आणि मलाच सांगत नाहीत?"

मास्तरांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं सुईवर कमावलेलं नाव, आणि ते एका पावसात वाहून जायची वेळ आली होती.

* * *

त्यात बुवापाड्यात जयंतीला मास्तरांचा सत्कार ठरलेला. 'यानाला वस्त्र देणारा आपला माणूस' असा बोर्डसुद्धा रंगवून झाला होता.

बातमीनंतर जयंती कमिटीचे सेक्रेटरी घरी आले. जय भीम झाला, चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. हवापाण्यावर येताच सेक्रेटरी अडखळले. मग घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, कार्यक्रमात जरासा चेंज आहे. सत्कार आपण उड्डाण झाल्यावर घेऊ. यंदा तुम्ही आभारप्रदर्शन करा."

आतून मास्तरांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला, "कोणाचे आभार? पावसाचे?"

* * *

गिऱ्हाइकं तरी कशाला मागे राहतील! चामटोलीचा एक म्हातारा दरसाल पेंढा झाकायला ताडपत्री न्यायचा. त्या वर्षी आला, कापड हाताने चोळून बघितलं आणि म्हणाला, "तो राकेटवाला माल आमाला नको हां. आमचा पेंढा भिजंल!"

मास्तरांनी त्याची ताडपत्री सगळीकडून दुहेरी शिवून दिली. म्हातारा ती घेऊन निघाला तर त्याला उचलवेना!

* * *

मग तो ट्रकचा प्रकार.

रविवारी मास्तर माझ्याकडे बदलापूरला आले होते. घरी बसवेना म्हणून आम्ही नाक्यापर्यंत फिरायला गेलो. तिथे एक ट्रक उभा होता, वर आमच्याच कारखान्याची जुनी ताडपत्री. मी पान घ्यायला वळलो आणि परत बघतो तर मास्तर ट्रकच्या टपावर! ताडपत्रीत डोकं खुपसून आतून शिवण तपासतायत.

ड्रायव्हर ओरडला, "चोर! चोर!"

माणसं जमली. वरात थेट पोलीस चौकीत.

हवालदाराने विचारलं, "ट्रक तुमचा?"

"नाही."

"माल तुमचा?"

"नाही."

"मग तुमचं होतं काय तिथं?"

"काळजी!"

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. खूबचंद शेठला उल्हासनगरहून यावं लागलं. आल्या आल्या तो हात जोडून म्हणाला, "साहेब, ये चोर नहीं. ये तो मेरा मास्तर है, पाऊस बघून पागल झाला!"

सोडलं हवालदाराने. पण सोडण्याआधी चौकीचं छप्पर कुठे गळतं ते मास्तरांना फिरवून दाखवलं.

* * *

अखेर साहेब परत आले, ट्रकमध्ये कव्हर घेऊन. म्हणाले, "टेस्ट करेंगे."

शेडमागे खांबांना कोपरे बांधून कव्हराची झोळी केली आणि नळीने आत पाणी सोडलं. झोळी फुगून खाली आली. साहेब एका बाजूने वाकून बघतायत, शेठ दुसऱ्या बाजूने. मास्तर तर सरळ झोळीखाली उताणे झोपले. पापणी हलवत नव्हते. मी तिथून चार वेळा उठलो, चार वेळा परत आलो, पण मास्तर जागचे हलले नाहीत.

दुपार टळत आली आणि एकदम मास्तर किंचाळले, "गळलं!"

सगळे धावले. मास्तरांच्या गालावर खरंच एक मोठा थेंब होता. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढला.

वाकलेला शेठ हळूच म्हणाला, "साईं... वो मेरा पसीना है."

पाणी काही गळलं नाही. साहेब भले माणूस, त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "शिवण पक्की है, मास्टरजी."

"मग पाणी शिरलं कुठून?"

"वो देख रहे हैं."

झालं! त्या 'देख रहे हैं'ने मास्तरांची उरलीसुरली झोप नेली. साहेबांनी तेच कव्हर पुन्हा नेलं, तरी यांचं आपलं एकच. "शिवण पक्की आहे म्हणतात. मग पाणी काय यानाला तहान लागली म्हणून शिरलं?"

* * *

यान दुरुस्त झालं, नवी तारीख आली.

बुवापाड्यातल्या समाजमंदिरात टीव्ही लावला. अख्खी गल्ली लोटली होती. मास्तर पुढे सतरंजीवर, वहिनी दाराशी बायकांत. शेठ मिठाईचा डबा घेऊन आला होता, पण डब्याची दोरी काही सोडत नव्हता. सेक्रेटरींनी हार आणलेला, पण तो पिशवीतच. मागून कोणीतरी सांगत होतं, "नीट बघा रे, आज आपल्या मास्तरांचं कापड आभाळात जाणार!"

पडद्यावर रॉकेट आलं. उंच, पांढरं स्वच्छ.

आणि उघडं!

"कव्हर कुठाय?" कोणीतरी बोललं.

शेठ उठला आणि त्याने रुमालाने टीव्हीची काच पुसून बघितली. कव्हर नव्हतंच.

मास्तर उभे राहिले. चेहरा पार उतरला होता. "काढून टाकलं. म्हणजे शिवणच गळत होती. बिचाऱ्यांना मला सांगायला लाज वाटली." एवढं बोलून ते दाराकडे निघाले आणि ढिगातून चपला शोधायला लागले.

इकडे टीव्हीवर उलटे आकडे चालू झाले, पण बघतो कोण? सगळे मास्तरांकडे बघतायत. जाळ उठला, धूर झाला, रॉकेट गेलंसुद्धा. एकाने टाळी वाजवली आणि घाबरून हात मागे घेतले.

वहिनी दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"चपला ठेवा खाली. पोरगं शाळेत निघालं तर आई त्याला काय दुपट्यात गुंडाळून धाडते?"

मग हसू फुटलं ते बायकांतून, आणि बघता बघता सगळ्या समाजमंदिरात पसरलं. शेठने डब्याची दोरी दातानेच तोडली. सेक्रेटरी पिशवीतला हार सोडवायला लागले, तो आणखीच गुंतला.

मास्तर एक चप्पल हातात धरून टीव्हीकडे बघत राहिले. पडद्यावर आता नुसतं निळं आभाळ होतं. हार गळ्यात पडला, तो त्यांना कळलाही नसावा. ते शेठकडे वळले.

"शेठ, म्हणजे कव्हर आता तिथे मोकळंच पडलं असेल ना?"

"हां साईं, मोकळंच."

"मग मागवून घ्या. एकदा शिवण बघतो."