वैशालीची गोळी

'कशी आहेस?' असं विचारलं की लोक 'बरी आहे' म्हणून मोकळे होतात. दिग्रसला आमच्या गल्लीतली वैशाली मात्र खरं सांगायची. "कंबर दुखून राह्यली, सकाळीच सासूशी वाजलं, आन् भाजीत मीठ जास्त पडलं." विचारणारा गोंधळायचा, ही आपली शिवायला आलेल्या ब्लाऊजांना हुक लावत बसायची.

म्हणूनच बाळंतपणानंतर महिनाभराने ती मला "बरी आहे" म्हणाली, तेव्हा मी घाबरले. पोरगी मांडीवर रडत होती आणि ही भिंतीकडे बघत होती. पुन्हा पुन्हा विचारल्यावर बोलली, "ताई, मले वाटते, इले दुसरी माय पाहिजे होती. मी कायले जगून राह्यली?"

तिचा नवरा संजय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, भला माणूस. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी तिला एसटीने यवतमाळला नेलं. मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि सावकाश समजावलं. ही गोळी दुधात अगदी थोडी उतरते, अंगावर पाजणं थांबवायचं कारण नाही. बाळ फार झोपू लागलं किंवा नीट पीत नसलं तर दाखवायला आणा. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

काही आठवड्यांत वैशाली पुन्हा भांडायला लागली. मला केवढा आनंद झाला! पण सासू गल्लीभर सांगत सुटली, "लेकराले नशा पाजून राह्यली." औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी धड न वाचताच मान हलवली, "अंगावर पाजता ना? मंग काहून घेता?" मी दारोदार डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगत फिरले. सगळे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तरी पण..."

शेवटी वैशालीच थकली. "रोज कोनाकोनाले सांगू?" म्हणत तिने गोळी सोडली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा गप्प झाली. एका दुपारी माझ्या दारात आली, पोरगी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "इले ठेवून घ्या, ताई." मी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तशीच दोघींना घेऊन यवतमाळच्या बसमध्ये बसले.

गोळी पुन्हा सुरू झाली. या वेळी वैशाली ती ओसरीवर, सगळ्यांदेखत घ्यायची, पोरगी अंगावर पीत असताना. कुणी टक लावून पाहिलं तर म्हणायची, "काय पाह्यता? दोघी मायलेकी जेवून राह्यलो."

आता ती पोरगी धावते, पडते, पुन्हा धावते. मध्यंतरी संजयला पुसदला काम मिळालं. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढत होतं आणि सासू जमलेल्या बायांना सांगत होती, "मी येळेवर गोळी बंद कराले लावली, म्हनून नात अशी ठनठनीत हाय."

माझ्या अंगाची लाही झाली. मी बोलायला पुढे झाले तशी वैशालीने माझा हात दाबला.

"राहू द्या, ताई. मी मेली असती ना, तरी सासूबाईनं हेच सांगतलं असतं."