मागून येणारं चित्र

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही समुद्रकाठच्या करंज्याचे. बाबांची होडी होती, आणि एका चांगल्या हंगामानंतर त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. पांढरा डबा, वायरवाले दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. आणताना ते म्हणाले होते, "दादासाठी आणलाय." मी तेव्हा आठ वर्षांची होते.

त्या मे महिन्यात दादाने आपणहून मला दुसरा रिमोट दिला. गेममध्ये एक बुटका माणूस पळत खड्ड्यांवरून उड्या मारायचा आणि त्याच्या मागे आकाशात ढग सरकायचे. दादा म्हणाला, "मानूस मी चालवतो. ढग तुझे हायेत, बाय. तू बटन दाबत बस, नायतर ढग थांबतील आन मी मरीन."

मी महिनाभर बटन दाबलं. अंगठ्याला घट्टा पडला. जेवायला हाक आली तरी उठत नसे, कारण मी उठले तर दादा मरेल.

सुट्टी संपत आली तेव्हा सगळी चुलत, मावस भावंडं घरी होती. दादाने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं, मला खेळायला लावलं आणि मी जोरात बटन दाबत असताना सतरंजीखालून माझ्या रिमोटची वायर ओढून काढली. ती कशालाच जोडलेली नव्हती. बारा-तेरा मुलं हसत होती. मी तरीही दोन-तीनदा बटन दाबलं, कारण ढग अजून सरकत होते.

त्या दिवसापासून माझं नाव ढगवाली पडलं. शाळेत, जेट्टीवर, मासे सुकवायच्या ओट्यावर. माझ्या साखरपुड्याला दादाने ही गोष्ट माझ्या होणाऱ्या नवऱ्याला माइकवरून सांगितली. सगळा मांडव हसला. मीही हसले.

दादा वाईट माणूस नाही, हेही सांगायला हवं. बाबांचं समुद्रावर जाणं थांबलं तेव्हा त्याने बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि बंदरात लागला, म्हणून मी गणितात पदवी घेऊ शकले. तो क्रेन चालवायचा. चार मजले उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसून खाली बघत कंटेनर उचलायचा आणि ट्रेलरवर अलगद ठेवायचा. ट्रेलरच्या बाजूला माणसं उभी असतात. वीस वर्षांत कोणाला ओरखडा नाही, असं तो सांगायचा, आणि ते खरं होतं. विचुंब्याला त्याने फ्लॅट घेतला. मी नवीन पनवेलला राहते, दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते.

आई गेल्यावर करंज्याचं घर आवरताना भांड्यांच्या एका गोणीत तो पांढरा डबा रिमोट-कॅसेटसकट निघाला आणि गोणीबरोबर माझ्याकडे आला. लावून बघावा असं मनात आलं, तर माझ्या टीव्हीला त्या जुन्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांसाठी जागाच नव्हती. जुन्या पनवेलमध्ये एक टीव्ही दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा कन्व्हर्टर काढला. एका बाजूला जुन्या पिना लावायच्या, दुसऱ्या बाजूने नवीन केबल टीव्हीला.

"सगळ्यात स्वस्त हाच," ते म्हणाले. "पण गेमला जरा तकलीफ होते. चित्र मागून येतं. बटन आत्ता दाबाल, माणूस किंचित नंतर उडी मारेल."

"किती नंतर?"

"डोळ्याला कळणार नाही. हाताला कळेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा, बराच फरक पडेल. नाहीतर महागातला कन्व्हर्टर घ्या."

मी स्वस्तातला घेतला. घरी येऊन लावला. चित्र आडवं ताणलेलं, रंग फिके, पण तोच माणूस आणि तेच ढग. पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. चाचांनी सांगितलेलं सेटिंग शोधलं, चालू केलं, तर उडी बरीच जागेवर आली. मी ते परत बंद केलं.

का बंद केलं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

भाऊबीज पंधरा-सोळा दिवसांवर होती. रोज दुपारी, शिकवण्या सुरू व्हायच्या आधी, मी तासभर खेळले. खड्डा येण्याआधी, अजून जमीन दिसत असतानाच बटन दाबायचं. हळूहळू हात बसला. दहाव्या दिवशी मी एकदाही न पडता तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले.

भाऊबीजेला दादा, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आली. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि मी टीव्ही लावला. डबा बघून दादाचा चेहरा उजळला. त्याने रिमोट उचलून हातात फिरवला.

"अजून चालतो? बाय, तू ढग सांभाळनार ना?"

त्याची मुलगी हसली. तिलाही ती गोष्ट माहीत होती.

"आळीपाळीने खेळू," मी म्हटलं. "पहिला तू."

तो पहिल्या खड्ड्यात पडला. हसला, म्हणाला, सवय गेली. पुन्हा पडला. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा अगदी वेळेवर पडत होता. तीस वर्षांनंतरही त्याला प्रत्येक खड्डा पाठ होता. फक्त चित्र मागून येत होतं.

मग मी खेळले. एक टप्पा, दुसरा टप्पा. वहिनी म्हणाली, "अगंबाई, ताई तर पटाईत आहेत."

दादा पुन्हा बसला. आता तो पुढे वाकला होता, हसत नव्हता. सात-आठ वेळा पडला. मग टीव्हीकडे बघतच म्हणाला, "कायतरी उशीर होतोय. मी दाबतोय, तो उडी नाय मारत."

तेव्हा सांगता आलं असतं.

"कुठे?" मी म्हटलं. "मला तर नाही वाटत. मी खेळले की आत्ता."

"रिमोट बदल."

मी माझा रिमोट दिला. तो पुन्हा पडला.

"पप्पा, हात गेले तुमचे," मुलगी म्हणाली.

"वय झालं," मी म्हटलं. "सगळ्यांचंच होतं. क्रेनवर जपून रे, दादा."

वहिनीने एकदम त्याच्याकडे बघितलं. त्याने रिमोट खाली ठेवला आणि उजव्या मुठीची उघडझाप करत बसला. मला वाटलं, अंगठा दुखला असेल. त्या संध्याकाळी भांडी घासताना मी गाणं गुणगुणत होते.

महिन्याभराने वहिनीचा फोन आला. दादाने स्वतः अर्ज देऊन क्रेन सोडली होती. दिवाळीच्या आधी एकदा कंटेनरचा कोपरा ट्रेलरला घासला होता. कोणाला लागलं नव्हतं, वरिष्ठांनी विषयही काढला नव्हता, पण त्याच्या मनात ते बसलं होतं. तुमच्याकडून आल्यापासून हे झोपले नाहीत, वहिनी सांगत होती. एकच म्हणतात, खाली माणूस उभा असतो, माझा हात मागे पडतोय, मला कळलंय. आता गेटवर कंटेनरचं सील तपासायचं काम आहे.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात काही नाही. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतं."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. नंतर रोज ठरवलं की उद्या सांगू. आणखी दोन महिने गेले. सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार होतं, आणि ते मला जड जात होतं. त्याचं क्रेनवरून उतरणं मला तितकं जड गेलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

शेवटी फेब्रुवारीत एका रविवारी विचुंब्याला गेले. दादा गॅलरीत बसला होता. मी सगळं सांगितलं. कन्व्हर्टर, चाचा, बंद ठेवलेलं सेटिंग, पंधरा दिवसांचा सराव. त्याने दोन्ही हात समोर धरून बघितले.

"म्हंजे हात बरे हायेत?"

"हो."

"तवाच ठाऊक होतं तुला? मी विचारलं तवा?"

"हो."

दाराशी वहिनी उभी होती. ती म्हणाली, "एवढं सांगायला तीन महिने लागले?" आणि आत निघून गेली. मला चहा विचारला नाही.

दादाने दुसऱ्याच दिवशी परत क्रेनवर घ्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की जागा भरली आहे. त्यानेच लिहून दिलं होतं की हात साथ देत नाही, आणि तो कागद फाईलला लागलेला आहे. आता नव्याने चाचणी द्यावी लागेल आणि आधी रांगेतल्या तरुण मुलांचा नंबर. तो अजून गेटवर आहे. उन्हात उभा राहून काळवंडलाय.

मला पश्चात्ताप होतो का, असं नवऱ्याने विचारलं. होतो म्हटलं. पण दादा आठव्यांदा खड्ड्यात पडला तेव्हा मला जे वाटलं होतं, ते आठवलं की आजही बरं वाटतं. हे नवऱ्याला सांगितलं नाही.

या वर्षी भाऊबीजेला दादाचा फोन आला. ड्युटी लागलीय, जमनार नाय, म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता, माझ्या शिकवण्यांची चौकशीही केली. नंतर त्याच्या मुलीकडून कळलं की त्या दिवसाची पाळी त्याने स्वतः मागून घेतली होती.