अनंतरावांचं आखूड रिव्हॉल्वर

आदिलाबादच्या कलेक्टरेटात शस्त्र परवान्यांचं टेबल सव्वीस वर्षं अनंतरावांकडे होतं. रेकॉर्ड रूमच्या दाराला लागून, खिडकीपासून लांब. परवान्याची मुदत संपली की माणसाला आपलं हत्यार घेऊन त्यांच्यापुढे हजर व्हावं लागे. अनंतराव हत्यार रिकामं असल्याची खात्री करत, त्यावरचा नंबर मिसलीतल्या, म्हणजे फायलीतल्या, नंबराशी ताडून बघत आणि शिक्का मारत. ऑफिसातले जुने लोक याला मुआयना म्हणत. जिनिंगवाले, ठेकेदार, जुन्या देशमुखांचे वारस, सगळे तिथं येऊन बसले होते. खुद्द अनंतरावांनी आयुष्यात एक गोळी झाडली नव्हती.

लांब नळीची रिव्हॉल्वरं त्यांना आवडत नसत. ती बाळगणारे लोक दारातून आत येतानाच कमरेवर हात ठेवून येत. आखूड नळीवाल्यांचं तसं नसे. ते समोर बसायचे, उन्हाबद्दल, कापसाबद्दल बोलायचे, चहा प्यायचे. मग अनंतराव म्हणत, "हत्यार?" आणि तो माणूस सदऱ्याखाली हात घालून तळहाताएवढी वस्तू टेबलावर ठेवी. इतका वेळ ती आपल्यापासून दोन हातांवर होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याची अनंतरावांना दर वेळी गंमत वाटे.

त्यांच्याकडे एक वही होती. आखूड नळीचं रिव्हॉल्वर आलं की मालकाची परवानगी घेऊन ते वहीच्या पानावर आडवं ठेवायचे आणि भोवतीनं पेन्सिल फिरवायचे. खाली मालकाचं गाव आणि तारीख. सव्वीस वर्षांत अशी अकरा चित्रं जमली. बेल्याच्या जिनिंगवाल्याचं काळं, घोडा गुळगुळीत झालेलं. मंचेरियलच्या एका डॉक्टरांचं, शिंगाच्या मुठीचं. तेव्हा मंचेरियल याच जिल्ह्यात होतं. पुढे एका जिल्ह्याचे चार झाले, निम्म्या मिसली गाड्या भरून गेल्या, पण वही अनंतरावांच्या खणात राहिली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्यासोबत घरी आली.

निवृत्तीनंतर वर्षभरानं त्यांचा मुलगा ईशान याला हैद्राबादला मुलगी झाली. सूनबाई रंजीताची नोकरी होती, म्हणून अनंतरावांच्या पत्नी दमयंतीबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या. बाळ बसायला लागलं की येते म्हणाल्या. बाळ बसलं, चाललं, बोलायला लागलं, तिचं नाव स्वरा ठेवलं, ती शाळेतही जाऊ लागली. दमयंतीबाई दिवाळीला आठ दिवस येत आणि परत जात. यात कोणाचं काही चुकलेलं नव्हतं. तिकडे दोन खोल्यांचा फ्लॅट, अनंतराव चार दिवस राहिले की त्यांना गुदमरायला होई. ते इकडे येऊन आपली भाजी आपण करत. दुपारी फोन येई. जेवले का, औषध घेतलं का, एवढं बोलून होई.

अशातच एका उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की आपणही परवान्याची दरखास्त द्यायची.

फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरायचा होता. 'जिवाला कोणापासून धोका आहे' या रकान्यापाशी ते येऊन थांबले. हाच रकाना वाचून त्यांनी कितीतरी दरखास्ती बाजूला काढल्या होत्या. 'वैर असू शकते' असं कोणी लिहिलं की ते लाल पेनानं 'असू शकते'खाली रेघ मारत. आता त्यांनी बराच विचार केला. भावकीत भांडण नाही. शेती नाही. आपल्या शेऱ्यामुळे परवाना न मिळालेला एक ठेकेदार त्यांना आठवला, पण तो मागच्याच महिन्यात भाजीबाजारात समोरून गेला होता आणि त्यानं त्यांना ओळखलंही नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'शस्त्र शाखेत सव्वीस वर्षे सेवा. नामंजूर अर्जदारांकडून वैर असू शकते.' लिहून झाल्यावर ते उठून पाणी प्यायले.

चौकशीला ठाण्यातून अमरदीप नावाचे तरुण सबइन्स्पेक्टर आले. घर बघितलं, लोखंडी कपाट बघितलं. मग शेजारच्या दोन घरांत विचारून आले. परत आले तेव्हा जरा संकोचले होते.

"सर, शेजारचे म्हनतात हे घर बंदच असते. त्यांले वाटलं तुमी हैद्राबादले राहता."

"मी इथंच असतो," अनंतराव म्हणाले.

"मी लिहितो तसं. तुमी ऑफिसचेच मानूस. अडचन नाही येनार."

अडचण आली नाही. नेमबाजीच्या क्लबात नियमाप्रमाणे शिक्षण झालं. तिथं त्यांनी पहिल्यांदा गोळी झाडली आणि मनगट दोन दिवस दुखलं. पावसाळा संपता संपता परवाना हाती आला. त्या दिवशी त्यांनी दमयंतीबाईंना सांगितलं.

"रिव्हॉल्वर?" पलीकडून आवाज आला. "तुमाले?"

"हो."

"काऊन पन? कोन येऊन राह्यलं तुमच्यावर?"

"कोनी नाही. मले पायजे म्हनून."

मग त्या म्हणाल्या, "बरं. येनार तर चार दिवस राहा. स्वरा आठवन काढते."

हैद्राबादचं हत्यारांचं दुकान जुनं होतं. दुकानदार म्हातारा, पांढऱ्या टोपीतला, बोलणं दखनी. त्यानं परवाना उजेडात धरून वाचला आणि कापड अंथरून त्यावर तीन रिव्हॉल्वरं ठेवली. तिन्ही बत्तीस बोअरची. अनंतरावांनी पहिलं उचललं तसा तो हसला.

"साब, हाथ में नहीं देखना. कमर में डाल के कुर्सी पे बैठो. बस में जाते न तुम?"

तासभर ते हेच करत होते. पहिल्याची नळी बसल्यावर मांडीत रुतत होती. दुसरं नव्या धातूचं, फार हलकं. "इसको रखने में आराम, चलाने में झटका," म्हातारा म्हणाला. "तुम्हारी कलाई पतली है." शिवाय त्याच्या घोड्याचं टोक सदऱ्याच्या शिवणीत अडकत होतं. तिसरं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, आखूड नळीचं, जरा जड, पण मूठ बरोबर तळहातात मावणारी. करंगळीसुद्धा बाहेर राहत नव्हती. कमरेला लावून अनंतराव बसले, उठले, वाकून चपलेचा पट्टा लावला. काही टोचलं नाही. म्हाताऱ्यानं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली.

"दिखता नहीं," तो म्हणाला. "यही लो."

इतक्या आस्थेनं आपल्याकडे कोणी बघितल्याला किती दिवस झाले, असं अनंतरावांच्या मनात येऊन गेलं. कागदपत्रं झाली तरी ते थोडा वेळ तिथंच बसून राहिले.

दुपारी ते ईशानच्या घरी पोचले. स्वरा शाळेतून यायची होती. त्यांनी ईशानला खोलीत बोलावून रिव्हॉल्वरची पेटी उघडून दाखवली. ईशान "छान आहे" म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला. रंजीता दारात होती. जेवणाची ताटं वाढायच्या आधी ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक बोलू का? रागावू नका. स्वरा सगळ्यांच्या बॅगा उघडते. कपाटाला धड कुलूप नाही आपल्या. मला झोप लागणार नाही हो."

"बरोबर आहे तुझं," अनंतराव म्हणाले. खरंच बरोबर होतं. सव्वीस वर्षं ते हेच लोकांना सांगत आले होते, लेकरांच्या घरात हत्यार उघड्यावर ठेवू नका म्हणून. "मी निघतो. चारची बस मिळते."

कोणी 'राहा' म्हणालं नाही, कारण म्हणता येत नव्हतं. दमयंतीबाईंनी पोळ्या आणि ठेचा डब्यात बांधून दिला. ईशान बसस्टँडपर्यंत सोडायला आला. उतरताना म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी ते तिकडंच ठेवून या." बस निघाली तेव्हा स्वरा शाळेतून घरी आली असेल, असं त्यांनी घड्याळ बघून ताडलं.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. बारावं पान. रिकामं रिव्हॉल्वर आडवं ठेवून पेन्सिल फिरवली. गावाच्या जागी आदिलाबाद लिहिलं, तारीख घातली. मग मागची पानं चाळली. प्रत्येक चित्रासोबत त्यांना समोर बसलेला माणूस दिसत होता. जिनिंगवाल्याला दम्याचा त्रास होता. डॉक्टर मुलीच्या लग्नाचं सांगत बसले होते. बाराव्या चित्राच्या वेळी समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते रिव्हॉल्वर कमरेला लावून बाहेर पडू लागले. वर सैल सदरा. बँकेत गेले, गिरणीत गेले, केस कापून आले. आज कोणी विचारेल, काय हो, असे ताठ काऊन चालून राह्यले? निदान कोणाची नजर तरी अडखळेल. आठ दिवस गेले. दुकानदारानं दिसत नाही म्हटलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. नंतर नंतर अनंतरावांना वाटू लागलं, हे कमरेला नसतं तरी चाललं असतं. लपवायला आधी कोणीतरी बघणारं लागतं.

एकदा ते बेल्याच्या बाजाराला निघाले. काम काही नव्हतं. बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसली, भागाबाई नावाची, मांडीवर वांग्यांची टोपली. गाव सुटेपर्यंत तिला डुलकी लागली आणि ती अनंतरावांच्या अंगावर रेलली. खड्ड्यात बस आपटली तसं तिचं कोपर त्यांच्या कमरेला लागलं. ती जागी झाली.

"काय हाय हे भाऊ, टोचून राह्यलं?"

"चष्म्याचं घर," अनंतराव म्हणाले.

"इतलं मोठं?" ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "डोळे लय गेले का?"

"गेले थोडे."

मग तिनं आपल्या मोतीबिंदूचं सांगितलं. कोणत्या दवाखान्यात केलं, लेकीनं किती दिवस केलं, नंतर कशी निघून गेली. अनंतरावांनी सगळं ऐकलं. उतरताना तिनं त्यांच्या हातात दोन वांगी ठेवली. त्या आठवड्यात ते कोणाशी एवढं बोलले नव्हते, आणि तेही खोटं बोलले होते. बाजारात न फिरता त्याच बसनं ते परत आले.

दुपारच्या फोनवर आता एक नवा प्रश्न आला होता.

"ते कुठं ठेवता?"

"कपाटात."

"आन् गोळ्या?"

"वेगळ्या. वरच्या खणात."

"वेगळ्याच ठेवा." मग एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमी एकटे, घरात ते. माझ्या मनात काहीबाही येते हो."

त्यांना काय म्हणायचंय ते अनंतरावांना उमजायला क्षणभर वेळ लागला. आपल्या मनात तसं कधी आलं नव्हतं, एवढं ते शपथेवर सांगू शकले असते. पण आता ती गोष्ट घरात आली होती.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "मले त्याची बनावट आवडते, बस."

"मी ईशानले म्हनलं, बाबाले इकडं आनू. तो म्हने आनू."

"मग?"

"मग काही नाही. बोललो आमी."

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक लागली आणि परवानेवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघाला. हा हुकूम पूर्वी अनंतरावच टाइप करून घेत असत. त्यांनी गोळ्या मोजून वेगळ्या पुडीत बांधल्या आणि ठाण्यात गेले. हेड कॉन्स्टेबल महिपत यांनी रिव्हॉल्वरला चिठ्ठी बांधली, पावती दिली आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. त्या दुपारी फोनवर अनंतरावांनी सांगितलं, जमा केलं. पलीकडून लांब श्वास ऐकू आला.

मतदान झालं, निकाल लागला, थंडी पडली. लोक आपापली हत्यारं घेऊन गेले. एका सकाळी अनंतरावांचा फोन वाजला. त्या वेळी त्यांना कधी कोणाचा फोन येत नसे.

"नमस्कार साहेब, महिपत बोलून राह्यलो. तुमचं रिव्हॉल्वर पडलं हाय इथं. घेऊन जा."

"येतो येतो. सोमवारी येतो."

"थंडी लय हाय. स्वेटर घालून या."

अनंतराव सोमवारी गेले नाहीत. बुधवारी पुन्हा फोन आला. महिपत रागावले नव्हते. त्यांच्या पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन, ठाण्यातल्या हीटरचा बिघाड, असं पाचसात मिनिटं बोलणं झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच सुचवलं, "आता दोन-तीन महिन्यांत लोकसभेची निवडनूक लागल. पुन्हा जमा करा लागल. राहू द्या इथंच. पन रजिस्टरात लिहा लागते साहेब, काऊन नेलं नाही म्हनून. तुमाले तर नियम पाठ हायेत."

"पाठ आहेत," अनंतराव म्हणाले. "अर्ज देतो. तब्येतीचं कारण लिहितो."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

महिपत म्हणाले, "मी पुढच्या बुधवारी फोन करतो."

"करा," अनंतराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी आत जाऊन गॅसवरचं दूध उतरवलं, आणि भाजीला काय करायचं ते बघू लागले.